कुणाचा तरी डिलाईट

रोमुआल्द गेला, तेव्हा त्याच्या रेबेकच्या पेटीत
राळेचा तुकडा निघाला, दोन तारा,
गोळ्यांची चिठ्ठी,
आणि बोरीहून परतीचं, न वापरलेलं बसचं तिकीट.
सूर कुठेच लिहिलेले नव्हते.

त्याची लेक क्वितेरिया म्हणाली, काका,
पप्पा ती एक गत वाजवायचे ना,
आजोबा आगबोटीवर इंग्रजांना नाचवायचे ती?
माझी पोर स्विंडनला शाळेत रेबेक शिकते.
तिथे मुलं हात धरून रांगेत नाचतात म्हणे.
तिला कागद हवाय.

मी पेटीवाला. शुक्रवारी देवळात भजनाला साथ करतो.
पाच ओळींवरचे ते काळे ठिपके मला
दोरीवर वाळत घातलेल्या सुंगटांसारखे दिसतात.
पण गत मला ठाऊक होती. सहा मात्रांची.
पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी म्हटलं, हा तर दादरा!
रोमुआल्द हसला. दादरा बसून ऐकतात, मेस्ता,
ह्याला टाच लागते.
आणि बलकांवाच्या फरशीवर
त्यानं आपली संधिवाताची टाच दोनदा आपटली,
पहिल्या मात्रेवर आणि चौथीवर.
आमच्यात चौथी खाली असते,
तिथे हात हवेत जातो.
त्याची चौथी भरलेली.

मग आम्ही शोधत सुटलो.
कुडतरीच्या इगर्जीचा माळा:
पाद्रीनं किल्ली दिली, आणि शिंकायला रुमाल.
लातीन प्रार्थना, प्रेतयात्रेचे मार्च,
कुणाच्या तरी लग्नातला वॉल्झ, त्यावर सांडलेली वाईन.
गत नाही.
मडगावच्या पियानोवाल्यानं ट्विस्ट काढून दाखवले
आणि चहाचे पैसे आमच्याकडून घेतले.

रायला तियोतोनियु भेटला, बोटीवरचा जुना स्टुअर्ड.
वय एक्क्याण्णव.
बोटींची नावं क्रमानं सांगायचा,
बायकोचं मात्र तिलाच विचारायचा.
त्याच्या ट्रंकेत टाय, चमचे, मेनूकार्डं.
मटणाचं सूप, उकडलेले बटाटे, पुडिंग,
आणि पुडिंगच्या पाठीवर
शिसपेन्सिलीनं ओढलेल्या पाच-पाच ओळी.

क्वितेरिया खालीच बसली.
सुरुवातीचा तो वेटोळ्याचा आकडा पाहून म्हणाली,
एवढी लांब शेपूट पप्पाही काढायचे.

वाळवीनं आधी नाव खाल्लं होतं.
उरला शेवटचा शब्द, डिलाईट.
कुणाचा, ते तियोतोनियुलाही आठवेना.
आठ खण शाबूत,
पुन्हा वाजवा म्हणून दोन टिंबं,
आणि पुढे भोक.
त्यातून तिच्या साडीची किनार दिसत होती.

दुसरा भाग मला येत होता.
नवा कागद खाली चिकटवून
मी तो माझ्या लिपीत लिहिला, सा रे ग म,
मात्रांच्या रेघा ओढून,
चष्मा दोनदा पुसून.
तिसऱ्या ओळीपाशी हात अडला.
तिथे रोमुआल्द दुलपोदात घसरायचा,
दोन घोट पोटात गेले की हमखास.
खरी ओळ कोणती, ते मी कधी विचारलंच नव्हतं.
आता इंग्लंडातल्या म्हाताऱ्यांनी कानावर हात ठेवले तर?
ठेवू देत. मला जी येते, ती लिहिली.

नावाच्या जागी काय लिहू, क्वितेरियानं विचारलं.
मी म्हटलं, भोक तसंच जाऊ दे.
तिनं ते प्लास्टिकमध्ये घातलं,
फोंड्याच्या पोस्टात वजन झालं, मेनूकार्डासकट:
चाळीस ग्रॅम.

स्विंडनहून अजून काही कळलेलं नाही.

काल भजनात मात्र, मध्येच,
चौथ्या मात्रेवर माझी टाच आपटली.
तबल्यावरचा कुष्टा मान वर करून बघत राहिला.
नंतर चपला शोधताना म्हणाला,
रिकामी जागा अशी भरू नये हं.
मी बरं म्हटलं,
आणि पायऱ्या उतरताना
पहिल्या पायरीवर एकदा,
चौथीवर एकदा.